वाळूवर हातोडा

मी पुष्कळांना माफ केलं. सासूला केलं, जावेला केलं, माझी अंड्यावर बसलेली कोंबडी कापून खाल्ली त्या शेजाऱ्यालाही केलं. पण त्या रेंजर साहेबाला नाही. माझी लेक म्हणते, माय, आता तरी सोड ना, तो माणूस कधीचा मेलाही असेल. मेला असेल तर मेला. मी काही त्याच्या मरणावर टपून बसले नव्हते. मला त्याला जिवंतपणी पाहायचं होतं, आणि ते मी पाहिलं.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजाराला जाणाऱ्यांचं. धानाचं गाव, आणि धानाच्या गावाला तलाव. आमच्या तलावाची पाळ गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, आजानं बांधली होती, आणि आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्या पाळीला अगदी लागून होती. तलावाचं पाणी सुटलं की पहिल्यानं आमच्या धानाला लागायचं, मग खालच्यांना. वाटणीत माझ्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, तेवढीच जमीन आली होती, दुसरीकडं टीचभरही नाही. पण असली बांधी की लोकांनी नजर लावावी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बापानं पोरगा नंतर पाहिला, आधी बांधी पाहिली. आणि बरोबरच केलं, कारण घरचे म्हणजे गरीब गाय. साहेब दिसला की जीभ टाळूला चिकटायची. घरातलं बोलायचं काम माझ्याकडं होतं.

मालगुजार काही देवमाणूस नव्हता. लोकांना बिगारीला धरायचा, शिव्या द्यायचा. पण दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी सारं गाव पाळीवर बोलवायचा. पहिलं मातीचं टोपलं तो स्वतः डोक्यावर घेऊन पाळीवर टाकायचा, तसा रिवाजच होता, ज्याचा तलाव त्याचं पहिलं टोपलं. मग घरटी एकेक माणूस दिवसभर माती ओढायचा, आणि संध्याकाळी आंबील आणि भात मिळायचा. उंदरांची बिळं, खेकड्यांची भोकं, सगळं बुजायचं. मालगुजारी गेली तेव्हा गावात गूळ वाटला. मीही खाल्ला. तलाव सरकारचा झाला असं पटवारी सांगून गेला. आम्हाला वाटलं, एक मालक गेला, दुसरा आला. हा मोठा आहे एवढंच. सरकारला चार तोंडं असतात आणि चारही वेगळ्या दिशेला पाहतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

ते आम्हाला कळलं सागवानामुळं. पाळीवर, बरोबर आमच्या बांधीच्या डोक्यावर, एक जुनं सागवान होतं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं. वैशाखात वादळ आलं आणि ते झाड मुळासकट आडवं झालं. मुळांबरोबर पाळीची माती उपसली गेली आणि पाळीला एवढं मोठं खिंडार पडलं की आत बैल उभा राहावा. खोड त्या खिंडारातच आडवं पडलं होतं. ते बाजूला ओढल्याशिवाय माती भरता येत नव्हती. काम काही अवघड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव कुऱ्हाडी, दोर, टोपली घेऊन पाळीवर जमलं. फांद्या तोडायच्या, खोड ओढायचं, खिंडार भरायचं. दुपारपर्यंत मोकळे झालो असतो.

तेवढ्यात जंगलखात्याचा नाकेदार आला आणि त्याच्या मागून सायकलवर रेंजर साहेब. नवीनच आला होता, नागपूरकडचा, खाकी अर्धी चड्डी, पायात पट्ट्या. कोणी बोलवलं होतं त्याला कोण जाणे. त्यानं खिंडार पाहिलं, झाड पाहिलं, आणि सांगितलं की सागवान आहे, हातोडा पडल्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही. जंगलवाल्यांचा तो लोखंडी हातोडा असतो, त्याचा छाप पडला की लाकूड हलवायला मोकळीक. मी पुढं होऊन म्हटलं, साहेब, मग मारा ना हातोडा, आम्ही थांबतो. तर म्हणे, पाळीची जमीन जंगलखात्याची नाही, तहसिलीची आहे. तहसिलीनं आधी लिहून द्यावं की झाड त्यांचं नाही, मग मी पाहीन.

"आन पाऊस आला तं?" मी विचारलं.

तो त्या खोडावर बसला होता. बसल्या बसल्या हसला. म्हणाला, "बाई, पाऊस माझ्या खात्यात येत नाही."

हे वाक्य मी विसरले नाही. आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं उभी होती, कोणी हसलं नाही. मग त्यानं आमच्या कुऱ्हाडी आणि दोर जप्त करायला लावले, ते नाकेदाराच्या डोक्यावर देऊन रेंज ऑफिसात नेले, आणि नाकेदाराला झाडाची राखण करायला परत पाठवलं. पाळीची नाही, झाडाची. माझ्या घरच्यांची, त्यांच्या बापानं दिलेली कुऱ्हाड गेली, ती गेलीच.

मग मी निघाले. घरचे मागे, मी पुढं. तहसिलीच्या बाबूनं पान थुंकून सांगितलं की जमीन आमची खरी, पण तलाव आता नहरवाल्यांकडं, कालव्याच्या खात्याकडं, गेला, त्यांना विचारा. नहरवाल्यांचा साहेब चांगला बोलला, खुर्चीवर बसा म्हणाला, आणि मग म्हणाला की आमच्याकडं मोठे तलाव येतात, गावातले लहान तलाव जनपदाचे. जनपद म्हणजे तेव्हा तहसिलीच्या गावी बसायची ती सभा, शाळा आणि गुरांचं कांजीहाऊस बघणारी. त्यांनी हो म्हटलं. मला वाटलं, सापडला बाई एकदाचा मालक. पाळीची दुरुस्ती आमचीच, मंजुरी आली की करू, असं सांगितलं त्यांनी. फक्त खिंडारात झाड आहे ना, ते आधी जंगलखात्यानं उचलायला पाहिजे.

म्हणजे जिथून निघाले तिथंच आले. एका दारातून दुसऱ्या दारात, मे महिन्याच्या उन्हात, मोटारीची धूळ खात, कुठं कुठं पायी. घरच्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला. मी रेंज ऑफिसात जाऊन उभी राहिले तर साहेब जेवत होता, तासभर उन्हात ठेवलं. बाहेर आला आणि म्हणाला, लेखी आणलं का? लेखी कोण देणार होतं मला? मी त्याच्या पायाशी पदर पसरला. खोटं कशाला सांगू, पसरला. बांधीसाठी पसरला. तो म्हणाला, जास्त बोललात तर नवऱ्याला आत टाकीन.

पाळीवर नाकेदार खाट टाकून बसला होता. गावातल्या लोकांनी त्याला चोरून खिंडाराच्या बाजूबाजूनं दगड-माती टाकली, पण खोडाखाली माती चेपता आली नाही, तिथं भुसभुशीतच राहिलं. श्रावणात तलाव भरला. रोवणी झाली होती, आमचं धान असं हिरवंगार उभं होतं की वाटेनं जाणारा थांबावा. एक दिवस दुपारी, मी डाळ शिजवून राहिली होती, पाळीकडून आवाज आला. मी काही धावले नाही. मला कळलंच होतं. घरचे धावले. मी चुलीपुढं बसून राहिले, डाळ उतू गेली तरी.

संध्याकाळी गेले पाहायला. तलाव रिकामा. पाळीत खिंडाराचं मोठं दार झालेलं. आणि आमच्या बांधीत धान नव्हतं, बांध नव्हते, काळी माती नव्हती. तलावाच्या तळची वाळू कमरेएवढी चढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी वाळू. आणि तिच्यावर मधोमध, आणून ठेवल्यासारखं, ते सागवान. घरचे बांधावर बसून रडले. बांध म्हणजे जिथं बांध होता तिथं. मी रडले नाही. मी त्या सागवानाकडं पाहत होते, आणि त्याच वेळी मी ठरवलं की हे झाड त्या माणसाला पचू द्यायचं नाही.

खालच्यांचं धान थोडंबहुत वाचलं, पावसाच्या पाण्यावर. दसरा झाला, ऊन पडलं, वाळू कोरडी झाली, आणि एक दिवस रेंजर साहेब आला. बैलबंडी घेऊन, माणसं घेऊन. मला आधी कळेना की याला आताच का घाई. मग नाकेदारानंच आमच्या शेजारी बसून विडी ओढता ओढता सांगितलं. साहेबानं त्या वैशाखातच वर कळवून टाकलं होतं की असं असं मोठं सागवान आम्ही जप्त केलं, आमच्या ताब्यात आहे. आता उन्हाळ्याच्या आत मोठा साहेब दौऱ्यावर येणार होता आणि माल दाखवा म्हणणार होता.

म्हणजे मला उन्हात ठेवून झाड कोणाचं ते ठाऊक नाही म्हणत होता, आणि वरती ते स्वतःचं म्हणून सांगून बसला होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी वाळूतून अनवाणी चालत गेले आणि जाऊन त्या खोडावर बसले. जसा तो बसला होता तशीच, पाय सोडून.

मी सांगितलं की ही बांधी माझ्या घरच्यांच्या नावानं आहे, इथं बंडी घालायची नाही. तो म्हणाला, लाकूड सरकारी आहे. मी म्हटलं, असेल, पण जमीन सरकारी नाही, तुम्ही तहसिलीकडून लिहून आणा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बंडीवाल्याला म्हणाला, घाल बंडी. पण बंडी यायची कुठून? आमच्या बांधीपर्यंत यायला चार लोकांच्या बांध्यांतून यायला लागायचं, आणि त्यांत धान उभं होतं. आणि ते चौघेही आपापल्या बांधावर येऊन उभे राहिले होते. ज्यांच्या कुऱ्हाडी त्याच्या ऑफिसात गंजत होत्या तीच माणसं ती.

दुपार झाली. दसऱ्यानंतरचं ऊन, आणि खाली पांढरी वाळू. साहेबाचा चेहरा लाल झाला होता, मानेवरून घाम गळून राहिला होता. माझ्याजवळ पाण्याचा गडवा होता, ओल्या फडक्यानं गुंडाळलेला. त्यानं दोन-तीनदा त्याच्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाला, बाई, थोडं पाणी द्या.

मी म्हटलं, "पाणी माझ्या खात्यात येत नाई साहेब. नहरवाल्यांना विचारा."

आमच्याकडं तहानलेल्याला पाणी नाकारणं म्हणजे मोठं पाप. शत्रूलाही देतात. घरचे गडव्याकडं हात न्यायला लागले, मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी हात मागं घेतला. ते पाप मी केलं आणि उद्या तो माणूस परत आला तर परत करीन. तो उठला आणि बंडी घेऊन तसाच गेला.

मग तो हिंडला. तेच हिंडला जे मी हिंडले होते. तहसील, नहरवाले, जनपद. मी रेंज ऑफिसावरून बाजाराला जायची तेव्हा सायकल आहे का पाहायची. सायकल नसली की मला भूक चांगली लागायची. जमिनीचा मालक राजी असेल तर न्या, एवढंच त्याला सगळीकडून मिळालं. फाल्गुनात तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. घरच्यांनी खाट टाकली. मी टाकू नका म्हटलं नाही, पण बसाही म्हटलं नाही.

माझी एकच अट होती. आधी खिंडार भरायचं, पाळ जशी होती तशी करून द्यायची, मग लाकूड उचलायचं. तो म्हणाला, पाळ आमच्या खात्याची नाही हो, त्यासाठी माझ्याकडं पैसा येत नाही. मी म्हटलं, मग राहू द्या लाकूड. आणि अजून एक होतं. मी म्हटलं, आमच्या गावचा रिवाज आहे, ज्याचा तलाव त्याचं पहिलं टोपलं. आमच्या तलावाला मालक कोणी उरला नाही, आणि वैशाखात तुम्ही मालकासारखे बोलला होता. तर पहिलं टोपलं तुमचं. तो निघून गेला, आणि आठ दिवसांत कबूल आहे म्हणून नाकेदाराकडून निरोप आला.

चैत्रात त्यानं जंगलाच्या कामावरचे मजूर आणले, कूप म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला तुकडा तोडणारे, आणि त्यांच्याकडून आमची पाळ भरून घेतली. जंगलखात्याच्या मजुरांनी तलावाची पाळ बांधली, हे कुठं लिहिलेलं नसेल. सारं गाव पाहायला आलं होतं. म्हातारीकोतारी आली, लेकरं झाडावर चढली. मी टोपलं भरलं. माझ्या हातानं भरलं आणि गच्च भरलं, वरून चेपलं. साहेबानं ते डोक्यावर घेतलं, खाकी टोपी काढून घेतलं, आणि पाळीवर चढला. माती त्याच्या कानावरून, मानेवरून, कडक इस्तरीच्या सदऱ्यात गेली. वर जाऊन त्यानं टाकलं आणि माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं, इथं माझा जीव थंड होईल.

नाही झाला. कारण पाळ भरली, सागवान गेलं, आणि त्या साली पावसानं तलाव काठोकाठ भरला. साऱ्या गावाचं धान पिकलं. आमच्या बांधीच्या कडेनं पाणी खळखळत खाली गेलं, आणि आमच्या बांधीत वाळू. पाणी तोंडाशी आणि पेरायला माती नाही. घरचे दुसऱ्याच्या वावरात रोवणीला जायला लागले, मजुरीनं. आपल्या बांधीवरून जाताना मान खाली घालून जायचे. ते मला पाहवेना.

म्हणून मी वाळूचा अर्ज घेऊन परत त्याच दारांत गेले. ही वाळू तुमच्या तलावातून आली, उचला. रेंजर म्हणाला, वाळू वनोपज नाही. तहसील म्हणाली, तुमच्या जमिनीवर पडली म्हणजे तुमची. नहरवाले म्हणाले, तलावात असती तर आमची. जनपदानं अर्ज ठेवून घेतला, नागपूरला पाठवला म्हणाले, आणि तेवढ्यात राज्यच बदललं. आमचं सरकार नागपूरहून उठून मुंबईला गेलं. अर्ज कुठं गेला, देव जाणे. झाड पडलं होतं तेव्हा त्याच्यावर निदान जंगलखात्याचा तरी हक्क निघत होता. वाळूवर कोणीच हक्क सांगेना.

मग मी अर्ज बंद केले. आम्ही बंडी जुंपली. दोघांनी पावड्यानं वाळू भरली, आणि बाजाराच्या दिवशी, सारा परगणा वाटेवर असताना, ती बंडी रेंज ऑफिसाच्या फाटकापुढं नेली. घरचे म्हणाले, अवो, जाऊ दे. मी कासरा माझ्या हातात घेतला. बरोबर फाटकाच्या तोंडाशी मी बंडी उलटी केली. मग परत फेरी. दुसरी. तिसरीला गावातल्या दुसऱ्या बंड्याही लागल्या, कोणी न सांगता. दुपारपर्यंत फाटकापुढं असा ढीग झाला की सायकल आतच राहिली.

तो बाहेर आला. बाजाराचे लोक थांबून पाहत होते. त्यानं विचारलं, हे काय आहे, कोणाच्या परवानगीनं टाकलं?

मी म्हटलं, "तुमच्या झाडासंगं आली, तुमच्या दारात पोचती केली. हातोडा मारा इच्यावर, मंग मी वापस नेतो."

तो वळून आत निघून गेला. आणि तो ढीग त्याला उचलताही येईना, कारण फाटकाबाहेरचा रस्ता जंगलखात्याचा नव्हता. रस्ता होता दुसऱ्याच खात्याचा. त्यानं त्यांना लिहिलं असणार. त्यांनी त्याला लिहिलं असणार. मी बाजाराला गेले की पाहायची. तो वाळूत पाय रुतवत ढिगावरून चढून उतरायचा, सायकल खांद्यावर घेऊन. मला पाहिलं की मान वळवायचा. मी नाही वळवली कधी.

पावसाळा आला तरी ढीग तिथंच होता. साहेबाची बदली झाली तेव्हा त्या वाळूवर कुंदा गवत उगवलं होतं, गुडघ्याएवढं. आमच्या बांधीत त्या साली एका कोपऱ्यात, जिथून आम्ही वाळू काढली होती तिथं, खाली आमची काळी माती लागली. घरच्यांनी ती मुठीत घेऊन मला दाखवली. त्या कोपऱ्यात आम्ही धानाच्या रोपांचं पऱ्हे टाकलं.